मांजरपाटाला ऊन

त्या वर्षी निफाडला थंडी अशी पडली की बागायतदार सकाळी उठून आधी द्राक्षाच्या मण्यांकडे बघायचे आणि मग बायकोकडे. मणी तडकले की गेलाच माल. त्यात धुकं, आणि धुक्यामागून भुरीचा रोग. म्हणून बागांवर गंधकाची धुरळणी सारखी चाललेली. त्या पिवळट भुकटीचा वास बागेत राबणाऱ्यांच्या केसांत, भाकरीत, गोधडीत मुरलेला होता. त्यांना तो येतच नसे. बाहेरचं कुणी आलं आणि त्यानं नाक मुरडलं, की तेवढ्यापुरतं आठवायचं.

रावजी आणि पुतळाबाई दरसाल भात झोडून झालं की पेठकडचा डोंगर उतरून या बागेत कामाला येत. मुकादम मंगळू त्यांच्याच पाड्याचा. बागेच्या कडेला पत्र्याची लांब शेड होती, तिच्यात गोणपाटाचे आडोसे लावून टोळीतली बिऱ्हाडं राहायची. माल उतरून संपला की पुन्हा डोंगर चढायचा. त्यांची मुलगी मीना नाशिकला कॉलेजात होती. वसतिगृहात राहायची आणि पळायची. पळते म्हणूनच तिला कॉलेजनं घेतलं होतं, आणि पळते म्हणूनच ठेवलं होतं.

एका शनिवारी मीना एसटीतून उतरली ती डोक्यावर भलं मोठं गाठोडं घेऊन. पुतळाबाईला वाटलं, पोरीनं महिन्याचं धुणं आणलं. गाठोडं सोडलं तर आत मांजरपाटाचा आख्खा ताका. मीनानं आईला समजावून सांगितलं की हे कापड रातभर पाण्यात भिजत घालायचं, पिळायचं आणि चांगल्या कडक उन्हात वाळवायचं. जे काय आटायचं ते आताच आटलं पाहिजे. नाहीतर शिवल्यावर पहिल्या धुण्यात आकसतं, कडा मुडपतात आणि मांडीला कापतात. वसतिगृहात हे जमण्यासारखं नव्हतं. तिथल्या रेक्टरबाईंनी दोरीवर एकदा नको ते बघितलं आणि तेव्हापासून गच्चीला कुलूप घातलं होतं.

"एवढ्याचं काय शिवनार?" पुतळाबाईनं विचारलं.

मीनानं सांगितलं. पुतळाबाईनं आधी रावजी कुठं आहे ते बघितलं. तो लांब क्रेट रचत होता. मग आवाज खाली घेऊन ती म्हणाली, "आन् हे तू कॉलेजात बोलती? सरांपुढं?"

"सरांनीच सांगितलं, काहीतरी काढा म्हणून."

सरांनी काही असं सांगितलं नव्हतं. कॉलेजात उद्योजकता कक्ष नावाचं एक नवं खूळ निघालं होतं. मुलांनी नोकरीच्या मागं न लागता स्वतःचा धंदा काढावा, कॉलेज जिमखान्यामागची एक खोली आणि शिलाई मशीन, वजनकाटा, जे लागेल ते देईल, असं फलकावर लिहिलं होतं. कुणी मनुका पाकिटात भरून विकायचं म्हणालं, कुणी सायबर कॅफे. मीना आणि तिच्या खोलीतली कौसर यांनी पळणाऱ्या मुलींसाठी पाळीच्या घड्या शिवायच्या ठरवल्या. खेळाचे भामरे सर कक्षाचे प्रमुख. त्यांनी तो अर्ज वाचला, खिडकीतून बाहेर बघितलं, आणि वर 'महिला आरोग्य' एवढंच लिहून पुढं सरकवला. पुढं बैठकीत कुणी विचारलं, तर तेवढंच सांगता यावं.

यामागं एक शर्यत होती. आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात, कॉलेजा-कॉलेजांमधली. मीना सगळ्यांच्या पुढं होती. कापड सरकायला लागलं. थोडं पळाली, मांड्या आवळून पळाली, आणि शेवटी वाटेतल्या उसात शिरली. नीट करून बाहेर आली तेव्हा बाकीच्या मुली निघून गेल्या होत्या. भामरे सर सगळ्यांसमोर ओरडले की पाणी प्यायला थांबलीस का. ती हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? त्या 'हो'चा संताप तिला वर्षभर पुरला. विकतचं पॅड घामानं निघायचं, घरचं कापड सरकायचं, आणि ज्यांना हे होत नव्हतं ते शिट्टी वाजवायचे.

तिची मावसबहीण तिच्याहून चांगली पळायची. आश्रमशाळेत तिला कुणी गाठायचं नाही. आठवीत तिनं पळणं सोडलं, कारण विचारलं तर हसायची. आता तिच्या कडेवर पोर होतं. मीनाला ती प्रत्येक सरावात आठवायची.

कौसर ही विंचूरच्या इसाक टेलरची मुलगी. उसातली हकिगत ऐकून ती हळहळली नाही, तिनं विचारलं, "सरकतं कुठनं? पुढनं की मागनं?" असं मीनाला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मग दोघींनी मिळून बसवलं. आत घड्या, चारी कोपऱ्यांना नाड्या, आणि हाफपँटीला आतून शिवलेल्या फासांत त्या नाड्या अडकवायच्या. मीना पहिला नमुना घालून गोदावरीच्या कडेनं गंगापूरच्या दिशेनं पळत गेली आणि पळत आली. जागचं हललं नव्हतं. त्या दिवशी दोघींनी एकमेकींना मिठी मारली आणि कंपनीचं नाव ठेवलं, धावती.

भामरे सरांची अट एवढीच, की संघातल्या मुलींनी घालून सराव केला आणि कुणाची तक्रार आली नाही, तर ते खोलीसाठी समितीपुढं शब्द टाकतील. खोली मिळाली तर कंपनी, नाही मिळाली तर दोन पोरींचा चाळा. मीनानं आईला हे सांगितलं नाही. तिनं फक्त दोनदा बजावलं की ऊन चांगलं लागू दे.

रविवारी सकाळी पुतळाबाईनं पिळलेलं कापड बागेच्या कडेच्या तारेवर पसरलं. पांढरंफेक लांबच्या लांब कापड बघून बायका जमल्या. अंबूबाई टोळीतली सगळ्यात भोळी. मालकीण शकुबाई चहा घेऊन आली आणि तिनं विचारलं हे काय, तर अंबूबाईनं कौतुकानं सांगून टाकलं की रावजीची पोर बायकांच्या दिसांचं शिवती, कॉलेजात.

शकुबाईच्या माहेरी पानमळा होता. पानमळ्यात विटाळशी गेली तर वेल जळतो, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. सासरी आल्यावर तिनं तोच नियम द्राक्षाला लावला. द्राक्षाच्या वेलाला असलं काही कळत नाही, हे तिला सांगणार कोण? रोज सकाळी मंगळू बायकांच्या रांगेपुढं उभा राहून जमिनीकडं बघत विचारायचा, "कुनाला अडचन?" जिला अडचण तिनं शेडमध्ये बसायचं आणि तिची हजेरी नाही. म्हणून अडचण कुणालाच नसायची. महिनोन् महिने टोळीतल्या एकाही बाईला काही होत नसे, आणि शकुबाई समाधानानं म्हणायची की आपली बाग शुद्ध आहे.

"काढ ते तारेवरनं," शकुबाई म्हणाली.

पुतळाबाईनं सांगितलं की बाई, कोरं हाय, दुकानातनं आणलेलं.

"कोरं असलं म्हणून काय झालं? कुठल्या कामाला जायचं ते कळलं ना आता. माल तोडायला आलाय पुतळाबाई, मला इथं काही नको. तारेला नको, विहिरीच्या कठड्याला नको, शेडच्या दारातबी नको."

मीना पुढं झाली तशी पुतळाबाईनं तिचं मनगट धरलं. ते मनगट धरणं मीनाला चांगलं ओळखीचं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पुतळाबाईनं कापड गोळा केलं आणि मुलीला हळूच म्हणाली की तू जा, तुझी एसटी जाईल, मी वाळवते बरोबर. मीना चरफडत गेली.

पुढच्या शनिवारी कापड घडी घालून तयार होतं. कोरडं, कडक. मीनानं ते तसंच विंचूरला नेलं. अर्धा ताका तिथं लागणार नव्हता, तो आईपाशीच ठेवला. पहिल्या नमुन्याच्या वेळी इसाकभाईंनी शुक्रवारी दुपारी दुकान बंद ठेवून मुलींना मशीन दिलं होतं तसं याही वेळी दिलं. काय शिवताय हे त्यांनी विचारलं नाही. ते बाहेर पायरीवर बसून राहिले आणि गिऱ्हाइक आलं की सांगत, मशीन अडकलंय. गुलजारबी, कौसरची आई, आतून चहा देऊन गेली, आणि जाताना एक घडी उचलून दाबून बघून म्हणाली, "हमारे टाइम में किसी ने सोचा भी नहीं." शिवताना कौसर एकदा म्हणाली की कापडाला कसला तरी वास येतोय. मीनानं नाकाला लावलं. तिला काही वास आला नाही.

सराव सोमवारी ठरला. गार वारा होता, मैदानावरचं गवत दवानं ओलं. संघाची कॅप्टन ज्योत्स्ना, शहरातली, वडील वकील. तिनं सगळ्यात आधी घडी घेतली आणि बाकीच्यांना चिडवून घालायला लावलं. मुली हसत होत्या, एकमेकींच्या पँटींची नाडी तपासत होत्या. कौसर कडेला दुपट्टा आवळून उभी होती आणि ओठ हलवून दुवा मागत होती.

सुरुवात झकास झाली. मग घाम यायला लागला.

ज्योत्स्ना आधी चालीवर आली, मग पाय फाकवून उभी राहिली. मागची एक मुलगी खाली बसली. बाकीच्या एकेक करून थांबल्या आणि मग सगळ्याच जणी मैदान सोडून न्हाणीघराकडं धावल्या, एक तर रडतच. मीना एकटी पळत राहिली. आग तिलाही होत होती. पण ती नेहमीचीच होती. पाळीत पळायचं म्हणजे अशी आग व्हायचीच, घरच्या कापडानंही व्हायची. तिला कळेचना की या थांबल्या का.

न्हाणीघरात मुलींच्या मांड्या लाललाल झालेल्या. कुणी पाणी मारत होतं, पाण्यानं जास्तच चुरचुरत होतं.

"मीना, काय भरलंयस यात?" ज्योत्स्ना दात आवळून म्हणाली. "खाजकुयली?"

मीनानं घडी उलटीपालटी करून बघितली. कापड नवं होतं, भिजवलेलं होतं, वाळवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी ज्योत्स्नाचे वडील कॉलेजात आले. मुलींवर असले प्रयोग कुणाच्या परवानगीनं चालतात, असं त्यांनी विचारलं. भामरे सर म्हणाले की मी आधीपासून नको म्हणत होतो. म्हणत नव्हते. जिमखान्यामागची खोली मनुकावाल्यांना गेली. उरलेल्या घड्या सरांनी शिपायाकरवी एका पिशवीत घालून परत दिल्या आणि पिशवीचं तोंड सुतळीनं बांधून दिलं, जसं काही आत साप होता. करायला गेली काय आणि झालं काय! मीनाला रडूही येईना. तिनं रागानं वसतिगृहाच्या भिंतीवर मूठ मारली, तर हातच दुखला.

कौसरनं सुतळी सोडून एक घडी बाहेर काढली. पुन्हा नाकाला लावली.

"माचिसच्या काडीसारखा वास येतोय. तू इकडं ये. तुझ्या स्वेटरलापण येतो. तू गावाहून आलीस की खोलीत पण येतो. मला वाटायचं, तुमच्या साबणाचा असेल."

मीनानं घडी तिच्या हातातून घेतली. मग तिनं घडी फाडली, आतली शिवण उसवली आणि पोटातलं कापड खिडकीपाशी नेऊन झटकलं. उन्हाच्या तिरिपेत बारीक धूळ उडाली. कॉलेज बुडवून ती तशीच निफाडच्या गाडीत बसली.

पुतळाबाई वेलींखाली वाकून घडातले नासके मणी कात्रीनं काढत होती. कंबरेला पदर खोचलेला, बोटं चिकानं काळी. अवेळी आलेल्या मुलीला बघून ती घाबरली. मीनानं काही न सांगता विचारलं की कापड कुठं वाळवलं होतं. पुतळाबाईनं मंगळू कुठं आहे ते बघितलं, कात्री वेलीच्या तारेला अडकवली, आणि तिला बागेच्या टोकाला असलेल्या औषधाच्या खोलीत घेऊन गेली.

दार ढकललं. आत अंधार, कोंदट गरम. पत्रा तापला की खोली भट्टीसारखी व्हायची. भिंतीला धुरळणीची यंत्रं टांगलेली, खाली गंधकाच्या गोण्या, एकीचं तोंड उघडंच. आणि त्या गोण्यांच्या मागं, आडव्या बांधलेल्या दोरीवर, जुन्या गोणपाटाखाली झाकलेली टोळीतल्या बायकांची कापडं. अंबूबाईच्या लुगड्याचा हिरवा तुकडा मीनानं ओळखला. तिनं दोरीवर बोट फिरवलं. बोट पिवळं झालं.

"आई, इथं?"

"मग? हितं गडी फिरकत नाय. धुरळनीच्या दिशी येत्यात, तवा आमी आदीच काढून घेतो. लय वरसं झाली, सगळ्या बाया हितंच टाकत्यात. ऊन नाय, पन पत्र्याची धग हाय. बघ, कसं कडक वाळलं व्हतं."

"तुम्हाला आग होत नाही?"

"व्हती ना," पुतळाबाई सहज म्हणाली. "बाईला त्या दिसांत आग व्हतीच."

मीनाची स्वतःची कापडं आईच द्यायची, इथून वाळवून. म्हणजे ही आग आईची, अंबूबाईची, तिची, सगळ्यांची, इतकी वर्षं. आणि सगळ्याजणी ती देवानं दिली म्हणून सोसत होत्या.

"आई, ती बाईची आग नाय. गंधकाची हाय." तिनं पिवळं बोट आईच्या पुढं धरलं. "हे लागून पोरींची कातडी सोलली. माझी खोली गेली. सगळं गेलं. मी तुला ऊन म्हणाले होते ना? दोनदा म्हणाले होते."

पुतळाबाईनं ते बोट आपल्या बोटांनी चोळून बघितलं. मग तिनं दोरीवरचा अंबूबाईचा तुकडा ओढला, नाकाला लावला, काही वास आला नसावा. तुकडा खाली टाकून ती मुलीला दंडाला धरून बाहेर घेऊन आली. बाहेर दुपार होती. लख्ख ऊन पडलं होतं, बागेवर, विहिरीवर, शेडच्या पत्र्यावर, मालकाच्या गच्चीवर, जिथवर नजर जाईल तिथवर.

"दाव जागा," पुतळाबाई म्हणाली. "कुठं टाकू? तू दाव."

मीनानं खरंच बघितलं. तार मालकाची. कठडा मालकाचा. शेडच्या दारात नको. शेडच्या मागं गडी लघवीला जात. एवढी एकरावारी उन्हं पडलेली, आणि एका कापडाला हातभर ऊन मिळेना. ती रडली, आईवर नाही, पण आईच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली. आईच्या पदराचा वास आला. आता तिला तो येत होता.

उरलेला अर्धा ताका पुतळाबाईनं गोधडीखालून ओढून काढला. त्यानंही बरेच दिवस त्याच खोलीत काढले होते. मायलेकींनी तो कालव्यावर नेऊन धुतला, खळबळून पुन्हा धुतला, पाणी बदलून पुन्हा. पुतळाबाईचे हात गारठून निळे पडले. पीळ घातला आणि दोघी बागेच्या कुंपणाबाहेर डांबरी रस्त्यावर आल्या. इथं तार नव्हती, झाड नव्हतं. मीनानं कापडाचं एक टोक धरलं, पुतळाबाईनं दुसरं, आणि दोघी लांब लांब सरकत गेल्या. ओलं मांजरपाट मधे ताणलं गेलं.

मंगळू धावत आला. पुतळाबाई, काम सोडून हे काय, म्हणाला. खाडा लावीन म्हणाला. ती म्हणाली, लाव. मग तो शकुबाईकडं गेला आणि परत आला, आणि लांबूनच म्हणाला की मालकीण म्हणती, बागेच्या तोंडाशी हे नको.

"रस्ता सरकारी हाय," पुतळाबाई म्हणाली. "आन् मी काय टांगलं नाय. धरलंय."

द्राक्षाचे क्रेट भरलेली पिकअप गेली, ड्रायव्हरनं मान वळवून बघितलं. मोटरसायकलवरची दोन पोरं हॉर्न वाजवून हसली. रावजी क्रेट खांद्यावर घेऊन कुंपणापाशी आला, बायकोकडं बघितलं, मुलीकडं बघितलं, कापडाकडं बघितलं आणि पुन्हा आत गेला. कौसरला फोन करायचा होता. या खेपेला पहिली घडी मीनाच घालणार होती आणि लांबवर पळणार होती. मग ज्योत्स्नाच्या घरी जायचं, तिनं दार उघडलं तर. खोली नव्हती. सर नव्हते. इसाकभाईंची शुक्रवारची दुपार तेवढी होती.

जानेवारीचं ऊन दिसायला लख्ख, पण अंगात जोर नसलेलं. मीनाचे पाय कितीही पळाले तरी दमत नसत, दंड मात्र भरून आले, थरथरायला लागले. कापड मधे झोळ देऊन रस्त्याच्या धुळीकडं उतरायला लागलं.

"पोरी, वाळलं का?" पलीकडच्या टोकाकडनं आईनं विचारलं.

मीनानं गालाला लावून बघितलं. "नाय अजून."

"मग धर," पुतळाबाई म्हणाली, आणि तिनं आपलं टोक आणखी ताणलं.